स्वहस्ते

रुखवताच्या टेबलावर पुढच्या बाजूला जे कार्ड उभं करतात, ते मी लिहिते. 'चि. सौ. कां. अमुक हिने स्वहस्ते तयार केलेले रुखवत.' भोवती वेलबुट्टी, कोपऱ्यात दोन फुलं. माझं अक्षर वळणदार आहे, शाळेत असताना फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचे. अकरा वर्षांत हा 'स्वहस्ते' शब्द मी दोनशेच्या वर नवऱ्यामुलींच्या नावापुढे लिहिला असेल. त्यातल्या दोघी-तिघी सोडल्या तर एकीनेही टेबलावरच्या सुपारीला बोट लावलेलं नव्हतं.

टेबलावरचं सगळं मी केलेलं असतं. मोत्यांची महिरप, फेटा बांधलेला सुपारीचा नवरा आणि नऊवारीतली सुपारीची नवरी, सप्तपदीची सात पावलं, लोकरीचं तोरण, आइस्क्रीमच्या काड्यांची बैलगाडी. पोरगी त्या वेळी पुण्यात नोकरीला असते, नाही तर पार्लरच्या तारखा धरत असते. पण पाहुण्यांनी टेबलापाशी थांबावं आणि 'पोरीच्या हाताला वळण आहे' असं म्हणावं, ही हौस कुणाची सुटत नाही. रीत सोडायची नाही आणि रीतीपायी बोटंही दुखवायची नाहीत. त्या दोन्हींच्या मध्ये माझा धंदा बसतो.

मी बेबीनंदा. राहते जुन्या जालन्यात आणि दिवसा एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदावर शंभर बिया ओळीने मांडायच्या, कागद गुंडाळून उबेच्या कपाटात ठेवायचा आणि आठवड्याने उलगडून बघायचं. किती नीट उगवल्या, किती वाकड्या उगवल्या, किती मेल्या. तो आकडा मी काढते, अहवालावर सही सुपरवायझर राधेश्याम यांची असते. बारा वर्षं झाली, अजून ठेक्यावरच आहे. सकाळी नऊला कंपनीची गाडी, सहाला परत. चहा घेतला की कणीक मळायच्या आधीचा तास-दीड तास आणि अख्खा रविवार, एवढ्यात मी लोकांच्या लेकींना गुणी करते.

नवरा नागसेन लोडिंग रिक्षा चालवतो. तो म्हणतो, तू दिवसभर बिया निवडते आणि घरी आली की मणी, तुला दोन्हींतला फरक तरी कळतो का. कळतो. बी पेरलं की त्याच्यावर कंपनीचं नाव असतं, मणी ओवला की नवरीचं. माझं नाव दोन्हीकडे नाही.

माझं गिऱ्हाईक भर दुपारी कधी येत नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून येतं, पटकन दार लोटून घेतं आणि जाताना खोकी चादरीत गुंडाळून नेतं. जणू माझ्या घरातून चोरीचा माल चाललाय. वर सूचना असतात. फोटो मोबाइलच्या स्टेटसला टाकायचा नाही. कुणी विचारलं तर आमचं नाव घ्यायचं नाही. लग्नात दिसलो तर ओळख दाखवायची नाही.

एकदा आष्टीच्या एका लग्नाला मला आग्रहाने बोलावलं होतं. टेबलापाशी नवरीची मावशी उभी राहून सगळ्यांना माहिती देत होती. मी पुढे झाले तर मलाही सांगायला लागली, की ही महिरप करताना आमच्या पोरीने तीन महिने धड जेवण केलं नाही. मी म्हटलं, दिसतंच आहे. ती महिरप मी आठ दिवसांत केली होती आणि रोज चारीठाव जेवून केली होती. घरी येऊन नागसेनला सांगितलं, तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो. तेव्हा हसायला येत होतं.

आणखी एका घरात माझं मोत्यांचं तोरण देवघराच्या चौकटीवर लागलंय. त्याच घरी मी खोकी पोचवायला गेले होते, तेव्हा मला पाणी बाहेरच्या ओट्यावर मिळालं आणि तो पेला नंतर ओट्यावरच राहिला. तोरणाला कुणी काही विचारलं नाही. ते घरच्या लेकीने केलेलं होतं ना.

तर असं चाललं होतं. एप्रिलमध्ये माझी मुलगी अक्षता मोबाइल नाचवत आली. मुलींच्या एका खासगी शाळेत हस्तकला शिक्षिका पाहिजे होती. बारावी पुरे, पण हातात कला हवी. केलेल्या कामाचे फोटो आणि ज्यांचं काम केलं अशा तीन कुटुंबांची पत्रं जोडायची होती. अक्षता म्हणाली, आई, हे तुला बघूनच लिहिलंय.

मला ती जागा फार हवीशी वाटली. पगार कंपनीपेक्षा काही फार नव्हता, नागसेनने तर तेही बोलून दाखवलं. पण दोन जन्म जगायचे थांबले असते. जे मी लपून करते, तेच दिवसाढवळ्या, फळ्यासमोर उभी राहून करायचं. पोरी मला बाई म्हणणार आणि माझ्या हातातल्या वस्तूकडे बघून हे बाईंनी केलंय असं म्हणणार. चाळीस वर्षांच्या बाईने एवढ्यासाठी हुरळून जाऊ नये, पण मी गेले.

फोटोंची अडचण होती. जुना मोबाइल बंद पडला, त्यात बरेच गेले. मोठ्या वस्तू तर लग्नाच्या जागी नेऊनच जोडाव्या लागतात, म्हणून त्यांचे फोटो लग्नातलेच होते. अक्षताने ते सगळे मोठे करून आणले आणि अल्बम केला. त्यात सगळ्यात देखणा होता वाटूरच्या मोनालीच्या रुखवतातला मळा. तीन वर्षांपूर्वी मी तो दोन महिने खपून केला होता. चार फूट लांब शेत, मोटेची विहीर, खळ्यावर मळणी, बांधावर भाकरी घेऊन निघालेली सुपारीची बाई आणि तिच्या डोक्यावर मोहरीएवढ्या मण्यांची चुंबळ. मी अकरा वर्षांत केलेल्या कामात मला स्वतःला आवडलेलं तेच एक. फोटोत त्याच्यापुढे माझ्याच अक्षरातलं कार्ड उभं होतं. ते मला तेव्हा खुपलं नाही. कार्ड तर सगळ्याच फोटोंत होतं.

मग मी पत्रांसाठी फिरायला लागले. पहिली अर्पिता, माझ्याच गल्लीतली, बँकेत नोकरीला. तिच्या लग्नाचं सगळं रुखवत माझं होतं. तिने मला खुर्चीवर बसवलं, पत्र लगेच लिहून दिलं आणि घडी घालून हातात ठेवलं. बाहेर येऊन वाचलं तर त्यात एवढंच होतं, की श्रीमती बेबीनंदा यांना मी ओळखते, त्या अत्यंत मनमिळाऊ आहेत. मणी नाही, महिरप नाही, काही नाही.

दुसरे आष्टीचे रखमाजी. त्यांच्या दोन्ही मुलींचं रुखवत माझ्याकडूनच गेलं होतं. फोनवर त्यांनी आधी माझी तब्येत विचारली, मग माझं म्हणणं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "पोरी सुखानं नांदून राह्यल्या बाई. आता हे उकरून काढून काय मिळणार तुम्हाला?" मी म्हटलं, नोकरी मिळंल. त्यांनी फोन ठेवला. रागाने ठेवला असता तर मला बरं वाटलं असतं, पण त्यांचा आवाज घाबरलेला होता.

तिसरी मोनालीची आई मालनबाई. तिच्यासाठी मी रविवारी एसटीने वाटूरला गेले. मालनबाई आणि तिचा नवरा सर्जेराव, दोघं मनाने मोकळी. मळ्याचं काम चालू होतं तेव्हा ती दर आठ दिवसांनी यायची, माझ्या शेजारी बसायची आणि मण्यांचे रंग निवडून द्यायची. तिने मला घरात बसवून पिठलं-भाकरी वाढली. पत्राचं काढलं तेव्हा तिने पदर सारखा केला.

"देते की. तू केलंय तर तू केलंय. पण मोनालीला इचारावं लागंल. तिच्या सासरचा मामला हाय."

मी म्हटलं, विचारा. मग तिने शाळा कोणती ते विचारलं. मी सांगितलं. अर्ज कधीपर्यंत, मुलाखत कधी, पगार किती, निवड कोण करतं, तिने एकेक विचारलं आणि मी एकेक सांगितलं. तिला माझ्याबद्दल किती आस्था आहे असंच मला वाटत होतं. तिने निघताना मला शेवग्याच्या शेंगाही बांधून दिल्या.

पत्र आलं नाही. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा मालनबाई शेतात होती. शेवटी अर्पिताचं एकच पत्र जोडून अर्ज दिला.

मुलाखत शनिवारी होती. राधेश्यामजींनी अर्ध्या दिवसाची सुटी दिली आणि वर विचारलं की घरी कुणी आजारी आहे का. मी हो म्हटलं. एवढं खोटं त्या दिवसाला चालून जाईल असं वाटलं होतं.

शाळेच्या व्हरांड्यात बाकावर आठ बायका बसल्या होत्या. चौथी मोनाली होती. इस्त्रीची साडी, मांडीवर मोठा अल्बम, शेजारी सासू. माझ्याकडे तिने एकदा पाहिलं आणि मोबाइलमध्ये मान घातली. मला आधी वाटलं, ती माझं पत्र घेऊन आली असेल. माणूस किती खुळं असतं, बाकापर्यंत चालत जाईपर्यंत मी खरंच तेच धरून होते. मग शिपायाने तिचं नाव पुकारलं आणि ती अल्बम घेऊन आत गेली.

माझा नंबर सहावा लागला. आत तिघं होते. मधे संस्थेचे सचिव रामप्रसाद सर, बाजूला मुख्याध्यापिका आणि आणखी एक बाई. सरांचं नाव चांगलं होतं. वशिला मानत नाहीत, स्वतःच्या भाच्यालासुद्धा शाळेत घेतलं नाही, असं सगळे सांगायचे. ते खरंच होतं, म्हणून तर पुढचं मला जास्त लागलं.

सरांनी माझा अल्बम उघडला, तीन पानं उलटली आणि थांबले. बाजूच्या ढिगातून मोनालीचा अल्बम काढला. त्यात तोच मळा, तीच विहीर, तीच भाकरीवाली बाई, फक्त फोटो दुप्पट मोठा. त्यांनी दोन्ही पानं मुख्याध्यापिकांपुढे सरकवली. मला विचारलं की हा फोटो माझ्याकडे कसा. मी सांगितलं, काम माझं आहे. मोनालीच्या लग्नाचं रुखवत मी करून दिलं होतं, अशी कितीतरी दिली आहेत. सरांनी मोनालीला आत बोलावलं. ती दारातच उभी राहिली. सरांनी विचारल्यावर तिने फरशीकडे बघत सांगितलं, माझंच आहे सर. आवाज इतका बारीक होता की सरांना तो सालसपणा वाटला असणार.

मी कार्डावर बोट ठेवलं. म्हटलं, सर, हे अक्षर बघा. मला कागद द्या, मी आत्ता इथे लिहून दाखवते. ही माझी हुशारी. त्यांनी कागद दिला. मी लिहिलं, 'चि. सौ. कां. मोनाली हिने स्वहस्ते तयार केलेले रुखवत.' एक काना इकडचा तिकडे झाला नाही. 'ह'चं पोट तेच, वेलांटीचं वळण तेच. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि मला वाटलं, जिंकले.

रामप्रसाद सरांनी फोटो पाहिला, कागद पाहिला आणि चष्मा काढला.

"अक्षर तुमचंच आहे, बराबर. म्हणजे हे तिनं केलंय असं तुम्हीच लिहून दिलंय. मंग तेव्हा खोटं लिहिलं, का आता खोटं बोलून राह्यल्या?"

मी म्हटलं, तेव्हा खोटं लिहिलं.

"किती जणींना असं लिहून दिलं?"

मी आकडा सांगितला. तेव्हाही मी खरंच बोलले. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दोनशे घरांतून काही उचलून आणलंय.

मी म्हटलं, दोघींना मणी द्या, तंगुसाचा दोरा द्या, चार बोटं महिरप ओवायला सांगा, लगेच कळेल. सरांनी मान हलवली. ते आवाज न चढवता बोलले, आणि त्यांचं एकेक वाक्य मला अजून पाठ आहे. "तुम्हाला येतं, यात शंका न्हाई मला. हात असणारे पुष्कळ मिळतात. पण पोरींसमोर जी बाई उभी करायची, तिच्या शब्दाचा भरवसा नको का?"

दाराशी मोनाली अजून उभी होती. तिने तोंड उघडावं म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. ती साडीचा काठ बोटाला गुंडाळत होती. मी अल्बम उचलला आणि बाहेर आले. व्हरांड्यात तिची सासू मला म्हणाली, तुमची झाली का मुलाखत, आमच्या सुनेच्या हातचं काम बघितलं का तुम्ही. मी हो म्हटलं.

नागसेन भडकला. म्हणाला, आत्ताच्या आत्ता रिक्षा काढतो, तिच्या सासरी जाऊ आणि दारात उभं राहून सांगू. मी त्याला बसवलं. कुणाला सांगणार होतो आम्ही? ती तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली, तेव्हा तिने वस्तू घेतल्या होत्या असं मी समजत होते. वस्तू काय, बाजारात हव्या तेवढ्या मिळतात. लोक माझ्याकडे यायचे ते मी गप्प बसते म्हणून. अकरा वर्षं मी माझं नाव काढून टाकायचंच काम करत आले, आणि तेही सुबक अक्षरात. मग एके दिवशी ते परत मागायला गेले तर कोण देणार. मला मोनालीचा राग होता, मालनबाईचा त्याहून जास्त होता, पण सगळ्यात जास्त संताप त्या 'ह'चा येत होता.

सोमवारी मी कंपनीत गेले. राधेश्यामजींनी विचारलं, घरचं आजारपण कसं आहे. म्हटलं, उतरलं. त्या आठवड्यात भेंडीच्या बिया होत्या.

जागा मोनालीला मिळाल्याचं अक्षताने आणून सांगितलं. मी रुखवताच्या दोन मोठ्या ऑर्डरी परत केल्या. मणी खोक्यात भरून पलंगाखाली ढकलले आणि संध्याकाळचा तास टीव्हीसमोर काढायला लागले. टीव्ही बघताना माझी बोटं पदराशी चाळा करत राहायची. मला आराम कसा करतात तेच ठाऊक नव्हतं.

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी मोनाली आली. एकटी, भर अकरा वाजता, गल्लीतून सगळ्यांसमोर चालत. नागसेन घरी नव्हता, नाही तर उंबऱ्यावरूनच परत गेली असती. मी तिला बस म्हटलं नाही. ती उभ्यानेच बोलत होती.

तिचं म्हणणं असं. आईने फोनवर माझ्या पत्राचं सांगितलं, तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि सासरे बाजूला होते. त्यांनी अर्धंच ऐकलं. हस्तकलेची जागा आहे एवढंच त्यांच्या कानावर पडलं आणि ते उठून शाळेत जाऊन फॉर्म घेऊन आले. मळा त्यांनी बैठकीत काचेच्या कपाटात ठेवलाय. घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी तो दाखवतात.

"मी काय सांगायचं होतं त्यांना, ताई? तीन वर्षं झाली, अजून मूलबाळ न्हाई. त्या घरात माझा जो काही मान हाय, तो त्या कपाटापुरताच हाय."

मी म्हटलं, मग सुखी राहा, माझ्याकडे कशाला आलीस. तिने पर्समधून एक गुंडाळी काढली. मोत्यांची पट्टी होती, वीतभर. तिने स्वतः, खरोखरच स्वतःच्या हाताने, चार दिवस बसून केलेली. टाके सैल, मणी एकमेकांवर चढलेले, आणि शेवटची गाठ अगरबत्तीने जाळून काळी केलेली. जूनपासून ती हे ऐंशी पोरींना शिकवणार होती.

मला खरं तर हसायला यायला हवं होतं. शिकव म्हणावं, सगळ्या शाळेला कळू दे. मीही तेच म्हणणार होते. पण ती पट्टी माझ्या हातात आली आणि ती काळी गाठ मला बघवेना. गाठ जाळायची नसते. तंगूस दोन मणी मागे नेऊन, मण्याच्या पोटात ओढून घ्यायची असते, म्हणजे वस्तू उलटी केली तरी शेवट कुठे झाला ते सापडत नाही. ऐंशी पोरी जन्मभर अगरबत्ती पेटवत बसणार, हे मला सहन झालं नाही. अभिमान म्हणा, खोड म्हणा. मी पलंगाखालून खोका ओढला.

"बस," मी म्हटलं. "डावा हात खाली. वर न्हाई, खाली धर."

त्या दिवसापासून ती दर रविवारी येत राहिली. नागसेन पहिल्या रविवारी माझ्याशी बोलला नाही, दुसऱ्या रविवारी रिक्षा घेऊन बाहेर गेला. मी तिच्याशी गोड वागले नाही. चुकलं की सगळं उसवायला लावायचे, बोटं सुजली म्हणाली तर सुजू दे म्हणायचे. तिची फजिती व्हावी असं मला मनातून वाटत होतं, हे कबूल करते. दोन-चार रविवार रडेल आणि जाऊन सासऱ्यांना खरं सांगेल, अशी माझी अटकळ होती.

ती रडली नाही. तिच्या बोटांना खरंच वळण होतं. लग्नाआधी कुणी तिला कधी बसवलंच नव्हतं, एवढंच. श्रावणापर्यंत टाका एकसारखा पडायला लागला. गणपतीत तिने सुपारीला फेटा बांधला आणि त्याची चुणी माझ्यापेक्षा बारीक घातली. शाळेतल्या पोरींना ती आवडायला लागली होती. वर्गात काय काय झालं ते ती मला ओवता ओवता सांगायची, अमुक पोरगी डावखुरी आहे, तिला उलटा टाका शिकवला तर चालेल का. मी सांगायचे, असं कर. सोमवारी ते तिच्या तोंडून ऐंशी जणींना कळायचं. मी ओल्या कागदावर बिया मांडत असायचे तेव्हा.

रविवारी ती यायची वेळ झाली की मी दोन पाट मांडून ठेवायला लागले होते. ते माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मला स्वतःचीच चीड आली.

दिवाळीच्या सुटीत ती महिरप घेऊन आली. पूर्ण ताटाची, मोर आणि आंब्याची, मी शिकवलेली पण नक्षी तिची स्वतःची. आल्या आल्या तिने ती माझ्या मांडीवर पसरली आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिचा चेहरा मोकळा झाला होता. पहिल्या रविवारी दारात उभी होती ती मुलगी ही नव्हेच.

"कुणी विचारलं ना ताई, तर आता मला बिलकुल खोटं बोलावं लागत न्हाई," ती म्हणाली. "लई ओझं होतं बघा. तुमच्यामुळं उतरलं."

ती हे मनापासून म्हणाली. ते मला कुठे लागेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मी बरं झालं म्हणाले. मग महिरप उलटी केली, चष्मा वर सरकवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवत गाठ शोधत राहिले. ती कुठेच सापडली नाही.